झिपरूशेठला वारा

झिपरूशेठ वारले त्यात चिंतोभटांचा फायदा किती व्हायचा होता, हे काढायचं तर हिशेब झोपेत मांडावा लागेल. सन छत्तीसच्या वैशाखात झिपरूशेठचं वर्षश्राद्ध चिंतोभटांच्या हातून नाशकात गंगेवर, म्हणजे गोदेवर, व्हायचं ठरलं, त्या दिवसापासून मृग निघेपर्यंत दुपारी भरत होत्या छत्तीस. दर दुपारी दोन तास. म्हणजे बहात्तर तासांची झोप, आणि तीही विजेच्या पंख्याखालची. चिंतोभटांनी हा गुणाकार संकल्प सोडायच्या आधी तीनदा मनात करून पाहिला. तिन्ही वेळा उत्तर गार आलं.

एरवी श्राद्धाच्या शय्यादानात नवं काही नसतं. गादी येते, उशी येते, तांब्या, जोडा आणि छत्री येते. चिंतोभटांच्या माळ्यावर अकरा छत्र्या होत्या, आणि नाशकात पाऊस कितीही पडला तरी माणसाच्या डोक्यावर तो एकाच छत्रीपुरता पडतो. पंखा मात्र आजवर कोणत्याही यजमानाच्या स्वप्नात आला नव्हता. आला तो आफ्रिकेतून.

झिपरूशेठ मूळचे पिंपळगाव बसवंतचे शिंपी. आगबोटीनं मोंबाशाला गेले, तिथं कोट शिवू लागले, आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं स्वतःच्या डायनामोवरून तार ओढून दिली तेव्हा त्यांनी टेबलावरचा एक पितळी पात्यांचा पंखा घेतला. पुढची दहा वर्षं त्यांनी त्या पंख्यासमोर काढली आणि शेवटचा श्वासही त्याच वाऱ्यात सोडला. त्यांच्या बायकोला, अक्काबाईला, आफ्रिका दिसलीच नाही. आधी सासू आजारी, मग म्हैस गाभण, मग स्वतःला दमा, असं करत ती पिंपळगावातच राहिली. नवरा चार-पाच वर्षांनी यायचा, महिनाभर राहायचा, परत जायचा. एका पत्रात त्यानं थट्टेनं लिहिलं होतं, ‘तुझ्या जागी एक पंखा ठेवला आहे.’ ते पत्र मुलानं वाचून दाखवलं होतं. अक्काबाईनं ते विसरलं नव्हतं. पुढे बापामागे मोंबाशाला गेलेला तोच मुलगा, रावजी, श्राद्धासाठी पंखा घेऊन उतरला, तेव्हा ती पंख्याकडे सवतीकडे पाहावं तशी पाहत होती.

दानाचा विधी गंगेवर झोकात झाला. चिंतोभटांनी आदल्या रात्री जागून पंख्याला संस्कृत नाव शोधलं होतं. ‘इदं विद्युद्व्यजनं सोपस्करम्’ असं ते खणखणीत म्हणाले तेव्हा पायऱ्यांवरची कबुतरंसुद्धा मान वळवून बघू लागली. नेमके त्याच वेळी ओझरकर मास्तर स्नान आटोपून वर आले. मास्तर चिंतोभटांचे शेजारी. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण चुका दाखवण्याच्या कामातून निवृत्ती देणारा कोणी त्यांना भेटला नव्हता.

“चिंतोपंत, पंखा घेतलात. वीज कुठाय?”

“सोपस्करं म्हटलंय मास्तर. लवाजम्यासह. लवाजम्यात वीज आली.”

“तुमच्या घरात तरी आलीय का? कंदील पुसता रोज.”

अक्काबाईचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. “म्हंजी? भटजी, ह्ये तिकडं मालकांना पोचायचं नाय का काय?”

इथे चिंतोभटांनी हसून वेळ मारून न्यायला हवी होती. पण यजमानांसमोर शेजाऱ्यानं पंचाईत केली की विद्वान माणसाला तत्त्व सांगायचा मोह होतो. “अक्काबाई, दान ब्राह्मणानं भोगलं की ते गेलेल्याला पोचतं. मी इथे वाऱ्यात पडलो की झिपरूशेठ तिथे वाऱ्यात पडले म्हणून समजा. जसा मी, तसे ते!”

“जसं तुमी, तसं ते,” अक्काबाईनं पुन्हा एकदा म्हणून घेतलं, गाठ मारल्यासारखं. “मंग म्या बघूनच जाईन.”

रावजी मवाळ माणूस. तो म्हणाला, “भटजी, पंधरवड्यानं माझी बोट आहे. आईचं समाधान झालं की तुमच्या वहीत आमच्या घराची नावं घालतो आणि जातो.”

ती वही म्हणजे चिंतोभटांचं शेत. यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं, पिढ्या, सह्या तिच्यात. पिंपळगावच्या शिंप्यांची चाळीस घरं आजवर कोणत्याच उपाध्यायाच्या वहीत नव्हती, आणि झिपरूशेठचं घर ज्या वहीत बसेल तिथे बाकीची एकोणचाळीस रांगेनं येऊन बसतील हे गंगेवर सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा गोष्ट आता नुसत्या झोपेची राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्काबाई धर्मशाळेतून गाठोडं उचलून चिंतोभटांच्या ओटीवर आली. दुपारी जेवणं झाली. बाहेर ऊन असं पडलं होतं की गल्ली पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. लांब कुठेतरी कासाराची ठोकठोक, मध्येच एखादी घंटा, आणि मग तीही पेंगायची. पंखा कोनाड्यात मुका उभा. चिंतोभट घामेजून कुशी बदलत होते. भिंतीला टेकून अक्काबाईचा डोळा लागला, आणि अर्ध्या घटकेत ती दचकून उठली.

“मालक दिसले. गळ्यात टेप हाय, पंख्यापुढं बसल्याती, बटण पिळत्याती. म्हन्ले, अगं, घरचं आनलेलं इकडं चालंना! घामानं सदरा भिजला व्हता.”

चिंतोभटांनी स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. तो भिजला होता. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि वीज कचेरीचा रस्ता धरला.

वीज कचेरीतला कारकून अर्ज अशा सावकाशीनं वाचायचा की जणू प्रत्येक अक्षर त्यालाच शिवायचं आहे. “वीज कशासाठी? पंखा. बरं. उपभोग घेणाराचं नाव?”

चिंतोभट खोटं बोलत नसत. निदान रकान्यात तरी नाही. त्यांनी लिहिलं होतं : कैलासवासी झिपरूशेठ.

“मयताच्या नावे वीज देता येत नाही,” कारकून म्हणाला.

“घेणारा मी. भोग त्यांचा.”

“एवढा मजकूर रकान्यात मावत नाही.”

पुढे सहा दिवस हा मजकूर रकान्यात मावण्याची खटपट चालली. शेवटी कारकुनानं टाक ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, “भटजी, तुम्ही भोगलं की पोचतं, हे खरं का?”

“शास्त्र आहे.”

“आमच्या आईला दुपारी दीडचा चहा लागायचा. शेवटच्या दुखण्यात वैद्यांनी तोडला. तसाच राहिला तिचा...” कारकुनाचे डोळे भरले. “तुम्ही पंधरा दिवस येऊन घ्याल का? दोन कप घ्यायची ती. कडक.”

चिंतोभटांनी आयुष्यात चहा घेतला नव्हता. पण वहीत यायची चाळीस घरं डोळ्यांपुढे आली. काचेच्या पेल्याला दोष नाही असा निर्णय त्यांनी उभ्या उभ्या दिला आणि कारकुनाच्या आईचे दोन कप कडक चहा घशाखाली घातले. अर्ज मंजूर झाला. त्या दिवसापासून जे चिंतोभट जेवण होताच जांभई देत ते दीडच्या ठोक्याला चहा घेऊन टक्क डोळ्यांनी घरी परतू लागले. बहात्तर तासांच्या झोपेसाठी त्यांनी पहिली उधळण केली ती झोपेचीच.

तार जोडायला इसाकभाई आला. इसाकभाई पूर्वी कंदील आणि हार्मोनियम दुरुस्त करी. वीज आल्यावर तो विजेचं करू लागला, पण पेटीचा कान गेला नव्हता. पंख्याला कान लावून तो म्हणाला, “भटजी, ह्यो पंखा नरम बिजलीचा. आपली नाशिकची बिजली त्याच्या दुप्पट तिखट हाय. सोयरीक जमायची नाय.”

“पण फिरेल ना?”

“फिरंल तर! त्येच सांगतोय, लय फिरंल.”

“मग जोडा.”

“वहिनी,” इसाकभाईनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, “पापड वाळत घातले आसतील तर उचला.”

चिंतोभटांची बायको वत्सलाबाई शहाणी. तिनं पापड उचलले. चिंतोभटांनी मात्र पंचांग, दर्भ, भस्माची वाटी आणि सुटा फुटका तांदूळ यांतलं काहीही उचललं नाही, ते डोळे मिटून टेबलावर मांडलेल्या पंख्यासमोर आडवे झाले आणि म्हणाले, “सोडा.”

इसाकभाईनं सोडली. त्यानंतर माजघरात जे झालं त्याला वारा म्हणणं म्हणजे महापुराला तांब्याभर पाणी म्हणणं. पंचांगातला ज्येष्ठ महिना आढ्याला चिकटला. भस्म उडून चिंतोभट क्षणात बैरागी झाले. शेंडी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ उभी राहिली. पंखा स्वतःच टेबलावरून नाचत नाचत पुढे निघाला, तो इसाकभाईनं तार उपटली तेव्हा कुठे काठावर थांबला. त्या गोंधळात ओटीवर पेंगणारी अक्काबाई किंचाळत उठली.

“मालक उडाले वो भटजी! कापडं बेतायचं टेबल धरून लोंबत व्हते! धोतर एकीकडं, टेप एकीकडं! आजूबाजूच्या पितरांनी पाय धरले म्हून वाचले!”

खिडकीतून मास्तरांचं डोकं आत आलं. “चिंतोपंत, एकादशीचं पान आमच्या अंगणात आलंय. उपास आम्ही धरायचा का?”

चिंतोभट तोंडातलं भस्म थुंकत म्हणाले, “इसाकभाई, यावर काही उपाय?”

उपाय होता. विजेच्या वाटेत दोन मोठे दिवे बसवायचे, म्हणजे तिखटपणा दिवे खाणार आणि उरलेली नरम वीज पंख्याला मिळणार. “सासूबाईनं आधी जेवायचं, मंग सुनेनं,” इसाकभाईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन दिवे पंख्याच्या वर लागले. पंखा हळू, गोड, गुणगुणत फिरू लागला. चिंतोभटांच्या गालावरून पहिली झुळूक गेली तेव्हा त्यांना वाटलं, आपण गोदेच्या पात्रात पाठीवर तरंगतोय, वर ढग चालले आहेत, कुणी कुणाला काही विचारत नाही.

पण ते दिवे! भर दुपारी अंधाऱ्या माजघरात दोन पिवळेधमक सूर्य. पंखा जेवढं गार करी तेवढं ते तापवून ठेवत. डोळ्यांवर उपरणं घ्यावं तर श्वास कोंडे, काढावं तर डोळे दिपत. त्यात पोटात कारकुनाच्या आईचा चहा. चिंतोभट वाऱ्यात निपचित पडून जागे राहिले, आणि ओटीवर अक्काबाई झोपली.

उठल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “वारा पोचला.”

“पाहा! मी म्हटलं नव्हतं?” चिंतोभट वहीकडे सरकले.

“पर भटजी, तिथं दिवा कशाला लावलाव? दिवा बगून गिऱ्हाईक आलं. मालकांनी मशीन काढली. समदे पितर कोट शिवून घ्यायला रांगंत हुबे. मेल्यावरबी जिवाला इसावा नाय. दिसभर शिवत बसले.”

रावजी मध्ये पडला. “आई, पण वारा आहे ना? सावा सावा,” म्हणजे तिकडच्या भाषेत ठीक आहे, ठीक आहे. “बोट चुकेल माझी.”

“तू जा. म्या हितंच ऱ्हाते.”

हे ऐकून वत्सलाबाईच्या हातातली पळी पडली.

मग अक्काबाईनं ओटी सोडली आणि माजघरातच ठाण मांडलं. जसं तुमी, तसं ते. तेव्हा चिंतोभटांनी कसं राहायचं हे तीच ठरवू लागली. झिपरूशेठला वांगं सोसत नसे, म्हणून चिंतोभटांच्या पानातलं वांगं गेलं. झिपरूशेठ डाव्या कुशीवर झोपत, म्हणून चिंतोभट डाव्या कुशीवर. ते उजवीकडे वळले की अक्काबाई उशाशी बोट आपटी, “मालकांचा उजवा खांदा दुखतो, भटजी.” तिसऱ्या दिवशी तर ती स्वप्नातून तांबडी होऊन उठली.

“मालकांना कोन परकी बाई चहा पाजतीय? कडक! दोन दोन कप!”

चहाची वार्ता तिला मास्तरांनी दिली, का धोतरावरच्या डागानं दिली, का खरोखरच तिकडून आली, याची कुठे नोंद नाही. चिंतोभटांनी खरं सांगितलं. खरं सांगितल्यानं प्रकरण अजून बिघडलं, कारण आता झिपरूशेठ कारकुनाच्या मेलेल्या आईबरोबर रोज दीड वाजता चहाला बसतात हे शास्त्रानं शाबीत झालं.

त्या संध्याकाळी वत्सलाबाईनं नवऱ्याला देवघराच्या आडोशाला घेतलं. “अहो, एक विचारते. तुम्ही माझे की झिपरूशेठचे?”

“अगं, काहीतरीच काय!”

“काहीतरीच? वांगं तिच्या नवऱ्यासाठी सोडता, कुशी तिच्या नवऱ्यासाठी बदलता, चहा दुसऱ्याच्या आईसाठी पिता. माझ्या वाटणीला तुमच्यातलं काय उरलंय ते सांगा, म्हणजे तेवढ्यालाच वाढते.”

 चिंतोभटांनी आरशात पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, अकरा दिवसांत एक पळ धड झोप नाही. रावजीची बोट तीन दिवसांवर, वही कोरी, आणि शेजारच्या घाटावरचे दोन उपाध्याय रावजीला रोज सकाळी ‘काय शेठ, बरं आहे ना?’ म्हणून विचारू लागले होते. त्यातला एक तर पेढे घेऊन आला होता.

बाराव्या दिवशी कुठलीशी सुट्टी. कचेरी बंद, म्हणून चहा बंद. उद्या पहाटे रावजी निघणार होता. जेवणं झाली. चिंतोभट वाऱ्यात, उजेडात, डाव्या कुशीवर पडले. अक्काबाई उशाशी बसली. रावजी उंबऱ्यात घड्याळ पाहत होता. आणि कसलाही नाद न करता, पिकलं पान गळावं तसा, एक दिवा गेला. सगळी तहान एकट्या दुसऱ्यावर आली. तो थोडा वेळ निखाऱ्यासारखा फुलून तगला, मग फट्‌ झाला. पंख्याची पाती आणखी दहा-बारा वेळा आळसानं फिरली, जणू काय विसरलं ते आठवत आहेत, आणि थांबली.

माजघरात अंधार पसरला. जुना, ओळखीचा, गारसर अंधार.

“गेलं,” रावजी पुटपुटला.

चिंतोभटांच्या कपाळावर घाम डवरला. अक्काबाईनं तो पाहिला. तिचा हात आपोआप मागे गेला, खुंटीवरचा वाळ्याचा विंझणा तिनं काढला, पाण्यात बुडवला, झटकला, आणि वारा घालू लागली. कुणाला, हे तिनं त्या वेळी ठरवलं होतं असं वाटत नाही. नवरा सुट्टीवर आला की महिनाभर ती असाच वारा घाली; मग तो जाई आणि घरचा विंझणा चार-पाच वर्षं खुंटीवर. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झाला. बाहेर कासाराची ठोकठोक लांब लांब गेली. चिंतोभटांना दिवे दिसेनात, वही दिसेना, चहा आठवेना. ते नकळत उजव्या कुशीवर वळले, आणि आज कुणी बोट आपटलं नाही. ते घोरू लागले.

अक्काबाई वारा घालता घालता पेंगली. हात मात्र चालूच होता. उठली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. वत्सलाबाई, रावजी, आणि खिडकीतलं मास्तरांचं डोकं, तिघंही श्वास रोखून तिच्याकडे पाहत होते.

“काय म्हणाले?” रावजीनं विचारलं.

“कायबी नाय.” अक्काबाई पहिल्यांदाच हसली. “घोरत व्हते. मशीन झाकलेली, टेप खुंटीला. पंखा तोंड फिरवून ठेवलेला. इतक्या वर्षांत त्यांचं घोरनं म्या इसरलेच व्हते बग.”

मास्तरांनी काहीतरी दुरुस्ती सुचवायला तोंड उघडलं होतं. वत्सलाबाईनं खिडकी लावून घेतली.

रावजीनं वहीत सही केली. आजा, पणजा, बायको, पोरं, सगळी नावं घातली. पहाटे निघताना अक्काबाईनं चिंतोभटांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्यांचाच विंझणा त्यांच्या हातात दिला. “भटजी, तो पितळेचा पंखा आता नको. मालकांना ह्योच आवडतो. तेवढं मिरगापातुर रोज दुपारी वाऱ्यात पडा.”

“पडतो, अक्काबाई. शब्द दिला.”

“आन ह्यो वारा मालकांचा. दुसऱ्या बाईला घालू देऊ नगा. त्या चहावालीचं ऐकून जीव धसकलाय माजा.”

दुपारी चिंतोभट आडवे झाले आणि त्यांनी आशेनं विंझणा वत्सलाबाईपुढे केला.

“छे बाई,” ती म्हणाली. “मी दुसरी बाई. मी घातलेला वारा पोचला तर उगाच त्यांच्या संसारात विघ्न. शब्द तुम्ही दिलात, तुम्हीच हलवा.”

आणि स्वतःच्या हातानं वारा घेणाऱ्या माणसाची अडचण अशी की हात थांबला तर वारा थांबतो, आणि हात चालू ठेवायचा तर झोपता येत नाही.

तेव्हा छत्तीस दुपारींचा शेवटचा जमाखर्च असा. सहा कचेरीत गेल्या. पाच पंख्यानं खाल्ल्या. एक चिंतोभट झोपले. इसाकभाईचे दोन दिवे गेले, कारकुनाच्या आईचा चहा पुरा झाला, मास्तरांच्या अंगणात एक एकादशी जमा राहिली, आणि पितळी पंखा माळ्यावर अकरा छत्र्यांच्या शेजारी गेला. पिंपळगावची बाकीची घरं सावकाश वहीत येत होती. उरल्या चोवीस दुपारी. त्या सगळ्या झिपरूशेठ घोरत होते, असं अक्काबाईचं पिंपळगावाहून कार्ड आलं. चिंतोभट उजव्या हातानं विंझणा हलवीत, तो भरून आला की डावीकडे घेत, आणि उघड्या डोळ्यांनी आढ्याला चिकटलेला ज्येष्ठ महिना वाचीत.

आणि त्यांच्या पलीकडे, जिथे विंझण्याचा उरलासुरला वारा आपसूक पोचतो, तिथे चटई टाकून वत्सलाबाई मृग निघेपर्यंत चोवीस दुपारी गाढ झोपली.